समज, चावी तूच फिरवलीस

सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मी एकाही संशयितावर हात उचलला नाही. ही गोष्ट मी कुठल्याही समारंभात, कुणी विचारो न विचारो, ऐकवत असे. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी एका साहेबांना पट्टा काढताना पाहिलं होतं. त्या चोराने मार चुकवायला त्या वर्षी तालुक्यात झालेल्या सगळ्या चोऱ्या आपल्या नावावर घेतल्या. त्यातली एक तो तुरुंगात असतानाची होती. मार बसला की माणूस काहीही कबूल करतो, प्रेमाने बोलतं केलं तर खरं तेवढंच बोलतो, असं मी तेव्हा मनाशी पक्कं केलं. यातला पहिला भाग अजूनही बरोबर आहे.

माझी रीत साधी. चौकशीला जाताना डबा दोघांचा न्यायचा. समोरच्याला आधी जेवू घालायचं, दादा म्हणायचं, घरादाराची चौकशी करायची. मग घडलेली गोष्ट सरळ ऐकायची आणि नंतर उलटी, शेवटाकडून सुरुवातीकडे. खरोखर घडलेलं माणूस कुठूनही सांगू शकतो. रचलेलं पाठ केलेलं असतं, ते उलटं म्हणायला लावलं की अडखळायला होतं. मध्येच एखादा भलताच प्रश्न टाकायचा आणि मग स्वतः गप्प बसायचं. शांतता भल्याभल्यांना सोसत नाही. या रीतीने मी दरोडेखोर बोलते केले, एक सरपंच बोलता केला, आणि घरी तर विचारूच नका. आमचे यजमान म्हणायचे, "तू भाजी कशी झालीय विचारलंस तरी मला वकील बोलवावासा वाटतो."

'पारख' आली २०३५ साली. टोपीसारखं यंत्र. कपाळावर बसवलं की त्यातून मंद प्रकाश कवटीच्या आत जातो आणि मेंदूच्या पुढच्या भागात कुठे किती रक्त धावतंय ते परत येणाऱ्या प्रकाशावरून कळतं. समोरचा कॅमेरा डोळ्यांच्या बाहुल्या आणि श्वास टिपतो. तत्त्व असं, की आठवणं आणि रचणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. आठवायचं असेल तर कोठारातून वस्तू काढून आणायची. रचायचं असेल तर वस्तू घडवायची, ती आधीच्या वस्तूंशी जुळते का बघायचं, आणि खरी वस्तू दिसणार नाही अशी दडवायची. दुसऱ्या कामाला जास्त कष्ट पडतात. माणूस आठवून बोलत असला की पडद्यावर निळी पट्टी उमटे, रचून बोलत असला की केशरी.

नव्या कायद्याने निळ्या पट्टीचा कबुलीजबाब न्यायालयात ग्राह्य धरला. अट एकच होती, पट्टी सलग वीस मिनिटं निळी हवी. घाबरलेल्या, चिडलेल्या माणसाची पट्टी सारखी थरथरायची. त्याला शांत करून, मोकळं करून यंत्रासमोर बसवणारं कुणीतरी लागायचं, आणि ते काम माझ्याइतकं कुणाला जमत नव्हतं. दोन वर्षांत मी प्रशिक्षण केंद्रात शिकवायला लागले. पुस्तकात माझ्या आडनावाने 'घुगे पद्धत' असं एक प्रकरणच आलं. मी ते माझ्या आईला वाचून दाखवलं होतं.

त्या प्रकरणातला सर्वात नावाजलेला प्रश्न माझा स्वतःचा होता. आरोपी अडून बसला, की मी म्हणायचे, "बरं, तू केलं नाहीस. मान्य. पण समज, तुझ्या हातून झालंच असेल, तर ते कसं झालं असेल? नुसतं डोळ्यांसमोर आण." कबुली नको, फक्त कल्पना. यात कुणाला काय जड जाणार?

*

नवनाथ दिघे माझ्यासमोर आला तो २०३६च्या पितृपक्षात.

नवनाथ वाघदरा कालव्यावर पाटकरी होता. म्हणजे कालव्याचा दरवाजा सांभाळायचा, ज्या गावाची पाळी असेल त्या गावाला पाणी सोडायचं. दरवाजे आता विजेवर चालत. एका खाजगी कंपनीच्या नियंत्रण कक्षातून हुकूम येई, दरवाजा आपोआप वर जाई. पण जागेवर एक पेटी होती आणि तिची चावी पाटकऱ्याकडे असे, अडीअडचणीला.

घटनेच्या दिवशी पाळी नव्हती. कालव्यात घोटाभर पाणी. घटस्थापना चार दिवसांवर आलेली, त्यामुळे खडकेवस्तीच्या बायका दसरा काढायला कालव्यात उतरल्या होत्या. दसरा काढायचा म्हणजे घरातली झाडून सगळी अंथरुणं-पांघरुणं, गोधड्या, वाकळा धुऊन काढायच्या. नवनाथची बायको अश्विनी त्यात होती. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी वरचा दरवाजा उघडला आणि पाणी आलं. बरोबरच्या दोघीजणी काठावर चढल्या. अश्विनीच्या पायात भिजलेली गोधडी गुंडाळली गेली. भिजलेली गोधडी दोन माणसांना उचलत नाही. ती सापडली तीन किलोमीटरवर, मोरीच्या जाळीला.

कंपनीच्या नोंदीत लिहिलेलं होतं : उघडला दोन-दहा, स्थानिक चावी. बंद केला दोन-सोळा, स्थानिक चावी. चावी नवनाथच्या करदोड्याला. आणि सकाळी नवराबायकोचं भांडण अख्ख्या वस्तीने ऐकलेलं. बारा वर्षांच्या मुलीला, ईश्वरीला, तालुक्याच्या वसतिगृहात ठेवायचं असं अश्विनीचं म्हणणं होतं. पोर डोळ्यांआड करायची नाही, असं याचं. "करा तुमच्या मनाचं, पण मग माझ्या डोळ्यांसमोर राहू नका," असं तो ओरडला होता.

अटकेनंतर तो दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी मेथीची भाजी पाहून त्याने एक घास घेतला आणि रडायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यानंतर तो माझ्याशी बोलायला लागला, ताई म्हणायला लागला.

"जेवलो न् चौकीत आडवा झालो, ताई. डोळा लागला. खडखड झाली म्हनून उठलो, तर दरवाजा वर गेल्याला. पळत जाऊन चावी फिरवली, बंद केला. खाली बाया हायेत हे मला ठावं व्हतं ना. तवर..."

पट्टी निळी होती. फक्त मधला एक तुकडा केशरी : आडवा झालो ते जागा झालो.

मी तिथेच बोट ठेवलं. झोपलास तर कसा झोपलास? कुशीवर? उताणा? स्वप्न पडलं? किती वेळ? तो बिचारा मला उत्तर द्यायचं म्हणून काहीबाही जुळवत राहिला, आणि पट्टी जास्तच केशरी होत गेली. झोपेतलं कुणाला काय आठवणार, त्याला सांगायचं तर रचूनच सांगावं लागणार, हे एखाद्या शाळकरी मुलालाही कळलं असतं. मला कळलं नाही. माझ्यासमोर केशरी पट्टी होती आणि माझी सत्तावीस वर्षं होती.

"नवनाथ," पाचव्या बैठकीला मी म्हणाले, "समज, चावी तूच फिरवलीस. नुसतं समज. तर कसं झालं असेल?"

"पर म्या नाय फिरवली, ताई."

"मान्य. नुसतं डोळ्यांसमोर आण. तू चौकीतून निघालास. ऊन होतं?"

"ऊन तर व्हतंच."

"पायात काय होतं?"

"चप्पल."

"पेटीपाशी आलास. चावी हातात घेतलीस. गार होती की तापलेली?"

त्याने डोळे मिटले. "तापल्याली," तो म्हणाला.

अकरा बैठका झाल्या. पाचवीपासून दर वेळी मी तेच विचारलं आणि दर वेळी चित्रात थोडा रंग भरला. सातव्या बैठकीत त्याला सकाळचा राग आठवला. आठव्या बैठकीत चावी फिरवताना मनगट दुखल्याचं आठवलं. नवव्या बैठकीला तो आपणहून म्हणाला, "ताई, मला वाटतंय म्याच केलं असंल." अकराव्या बैठकीत पट्टी सलग चोवीस मिनिटं निळी राहिली. तो माझ्या पायांवर डोकं ठेवून रडला. त्याच्या मनावरचं ओझं आपण उतरवलं असं मला वाटलं, आणि हे मी वर्गात शिकवतानाही सांगितलं.

सदोष मनुष्यवध, दहा वर्षं.

ईश्वरीला मीच सांगितलं. ती मावशीच्या घरी चटईवर बसली होती, गणवेशात. "यंत्र चुकत नाही ना?" तिने विचारलं. मी म्हणाले, "नाही, बाळा." तिने मान डोलावली. त्या दिवसापासून ती बापाला भेटायला कधी गेली नाही.

*

चार वर्षांनी, दुसऱ्याच एका कालव्यावर दरवाजा भर दुपारी आपोआप उघडला आणि धनगराची चाळीस मेंढरं वाहून गेली. तिथे चावीची पेटीच काढून टाकलेली होती, तरी नोंद झाली 'स्थानिक चावी' अशी. त्यामुळे चौकशी बसली. निघालं ते असं : नियंत्रण कक्षाशी संपर्क क्षणभर तुटला, की दरवाजाची प्रणाली जुना अडकून पडलेला हुकूम पुरा करायची, आणि हुकूम कुठून आला ते कळत नसल्याने 'स्थानिक' असं लिहून मोकळी व्हायची. पाच वर्षांत असं सतरा वेळा झालं होतं. मी प्रशिक्षण केंद्रात चहा पीत ती यादी सहज वाचत होते. सहावी नोंद वाघदऱ्याची होती. दोन वाजून दहा मिनिटं.

चहा तसाच राहिला. मी उठून डॉक्टर तन्वी बर्व्यांकडे गेले. 'पारख' ज्यांनी घडवली त्या चौघांपैकी त्या एक.

"पण पट्टी निळी होती," मी म्हणाले. "चोवीस मिनिटं."

त्यांनी नवनाथच्या अकराही बैठका काढून पाहिल्या. तीन तास लागले. मी बाहेर बसून होते.

"मॅडम," त्या बाहेर आल्यावर म्हणाल्या, "यंत्र खरं-खोटं ओळखत नाही. माणूस आठवतोय की रचतोय, एवढंच ओळखतं. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे. दर वेळी आपण ती बाहेर काढतो, हाताळतो आणि नव्याने परत ठेवतो. परत ठेवताना त्यात आजूबाजूचं काहीतरी चिकटतं. तुम्ही त्याला कल्पना करायला लावलीत, सात वेळा, बारीकसारीक तपशिलांसकट, आणि तेही अशा माणसाला की ज्याचा तुमच्यावर जीव होता. पाचव्या बैठकीत तो रचतोय, हे पट्टीवर स्वच्छ दिसतंय. नवव्या बैठकीत तो आठवतोय."

"म्हणजे तो खोटं बोलला?"

"नाही. त्याने जे सांगितलं त्यावर त्याचा विश्वास आहे. त्याने चावी खरंच फिरवली होती, बंद करायला. तापलेली चावी, दुखणारं मनगट, हे सगळं त्याला खरंच आठवत होतं. तुम्ही त्याला ते सहा मिनिटं आधी नेऊन ठेवायला लावलंत."

त्यांनी माझ्याकडे रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी मला पाणी दिलं.

*

तुरुंगात नवनाथ भेटीच्या खोलीत आला तो हसत. चार वर्षांत केस पांढरे झाले होते. "ताई, तुम्ही? लई दिसांनी."

मी सगळं सांगितलं. कंपनीची यादी दाखवली, वाघदऱ्याच्या नोंदीवर बोट ठेवलं. तो लक्ष देऊन ऐकत होता, शाळेतल्या मुलासारखा. माझं बोलणं संपल्यावर त्याने कागद घडी घालून माझ्याकडे परत दिला.

"तुम्हाला कुनीतरी फसवलंय, ताई."

"नाही रे. तू झोपला होतास. तू पहिल्या दिवशी सांगितलं होतंस तेच खरं."

"पर मला याद हाय ना. चावी तापल्याली व्हती."

"ती बंद करतानाची."

"दोनदा फिरवली, ताई. एकदा अशी, एकदा अशी." त्याने हवेत मनगट फिरवून दाखवलं, आधी उजवीकडे, मग डावीकडे. "दोन्ही याद हायेत. तिकडनं वळलो तर मला कालव्यात तिचा हिरवा पदर दिसला. तरी फिरवली."

चौकीपासून बायका धुणं धूत होत्या ती जागा दीड किलोमीटर होती, मध्ये वळण होतं. तिथून पदर दिसणं शक्यच नव्हतं. आणि अश्विनीच्या अंगावर त्या दिवशी साडी नव्हती, ड्रेस होता. पंचनाम्यात तसं लिहिलेलं मी स्वतः वाचलं होतं. हिरवा पदर कुठून आला हे मी त्याला विचारलं नाही. दहाव्या बैठकीत मीच विचारलं होतं, "तिचा पदर कुठल्या रंगाचा होता?"

"चार वर्सं रोज सकाळी उठून तिची माफी मागतो मी," तो म्हणाला. "आता तुम्ही म्हनता म्या केलंच नाय. मग ही माफी कुनी मागितली?"

मी रडले. पोलीस निरीक्षक बाई संशयितासमोर रडली, असं घुगे पद्धतीत कुठेच लिहिलेलं नाही. त्यानेच उठून पहारेकऱ्याकडे पाणी मागितलं.

आणि मग तो जे बोलला, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "ताई, तुम्ही म्हनता तर तसंच असंल. मग परत इचारा ना मला. तुम्ही इचारलं की मला याद येतं."

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. अकरा बैठका घ्यायच्या. समज, तू झोपलेलाच होतास. समज, खडखड झाली. हळूहळू रंग भरत जायचं, महिन्याभरात पट्टी निळी होईल आणि त्याच्या डोक्यात खरी गोष्ट बसेल. मला जमलं असतं, त्याबद्दल मला शंकाच नव्हती. पण त्या जागी खरं असं काही ठेवायला नव्हतंच. तिथे झोप होती. मी तिच्या जागी जे काही ठेवलं असतं ते माझंच असतं.

"नाही, नवनाथ," मी म्हणाले. "मी तुला आता काहीच विचारणार नाही."

त्याचा चेहरा पडला. आपलं काही चुकलं असं त्याला वाटलं.

*

सुटकेचा अर्ज करायचा तर नुसती कंपनीची यादी पुरत नव्हती. सरकारी वकिलांचं म्हणणं, दरवाजा बिघडला असेलही, पण आरोपीची निळी पट्टी अजून उभी आहे. ती पट्टी खाली आणायला कुणीतरी शपथेवर सांगायला हवं होतं, की ती आठवण त्याची नव्हती, घातलेली होती. आमचे वरिष्ठ म्हणाले, "मॅडम, तुम्ही असं लिहून दिलंत तर तुमच्या हाताखालची प्रत्येक केस उघडावी लागेल. दोनशे बारा आहेत. त्यात खरे गुन्हेगारही सुटतील."

"सुटतील," मी म्हणाले.

"आणि तुमचं नाव?"

माझं नाव पुस्तकात होतं. पुढच्या आवृत्तीत ते प्रकरण राहणार नाही एवढंच. मी सतरा पानांचं प्रतिज्ञापत्र लिहिलं, प्रत्येक 'समज' तारीखवार. लिहिताना दोनशे अकरा चेहरे एकेक करून समोर येत होते. त्यातले कुणी खरंच गुन्हेगार होते आणि कुणी नव्हते, हे मला आता सांगता येत नाही. आयुष्यभर मी माणसं ओळखते असं म्हणत आले आणि आता मला एकही ओळखता येत नाही.

प्रतिज्ञापत्राची बातमी आली त्या आठवड्यात ईश्वरी माझ्या घरी आली. सोळा वर्षांची, उंच, बापासारख्या भुवया. आत बोलावलं तरी बसली नाही.

"तुम्ही मला म्हणाला होतात, यंत्र चुकत नाही."

"हो. मी चुकीचं सांगितलं."

"तुम्हाला माहितेय, ते भांडण कशावरून झालं होतं? माझ्या वसतिगृहावरून." तिचा आवाज स्थिर होता. या प्रश्नावर तिने चार वर्षं घालवली होती हे दिसत होतं. "मी आईला म्हणाले होते, मला जायचंय. मी म्हणाले नसते तर भांडण झालं नसतं. बाबांना राग आला नसता. मग बाबांनी..." ती थांबली. "मी मावशीकडे दसऱ्याला कधी गोधडीला हात लावला नाही. ती मला मुद्दाम काम चुकवते म्हणते."

"बाळा, दरवाजा आपोआप उघडला. तुझ्या बाबांनी काही केलं नाही. तूही नाही."

"ते तुम्ही सांगताय," ईश्वरी म्हणाली. "वर्तमानपत्रात पण आलंय. पण मी आता तुमचं काही ऐकणार नाही. मला बाबांच्या तोंडून ऐकायचंय. एकदाच. ते म्हणाले तर मी त्यांच्यासोबत घरी जाईन."

तिचं बरोबर होतं. ज्याला विचारायला हवं होतं तो माणूस तिने बरोबर निवडला होता. आणि त्या एकाच माणसाकडे ते उत्तर नव्हतं. मी तिला हे सांगितलं नाही.

मी नवनाथला सांगितलं. सुटकेच्या आदल्या दिवशी, त्याच भेटीच्या खोलीत.

"पोर येनार हाय?" तो उठून उभाच राहिला. "घरी येनार हाय?"

"ती एक गोष्ट विचारणार आहे तुला." मी त्याला ईश्वरीचं सगळं बोलणं सांगितलं, वसतिगृहाचं, गोधडीचं. तो खाली बसला.

"ती समजती की तिच्यामुळं झालं?"

"हो."

"आन् म्या नाय केलं म्हनालो, की तिच्यावरचं जाईल."

"जाईल."

"ताई, मी पोरीशी आजवर खोटं बोललेलो नाय. तिला यात्रेत फुगा घेऊन देतो म्हनलो की दिलाच."

"हे खोटं नाहीये, नवनाथ. हेच खरं आहे."

"तुम्हाला खरं हाय," तो म्हणाला. "मला खोटंच हाय ना."

*

न्यायालयाचा आदेश सकाळी अकराला झाला. न्यायाधीशांनी दिलगिरीची दोन वाक्यं वाचून दाखवली. साक्षीदारांच्या खोलीत ईश्वरी मावशीसोबत बसली होती. नवनाथ दारात थांबला. चार वर्षांत मुलगी केवढी वाढली ते तो पाहत होता. मग तिच्यासमोरच्या बाकावर बसला. मी भिंतीपाशी उभी राहिले. निघून जायला हवं होतं, पण त्यानेच हाताने खूण करून थांबायला सांगितलं होतं.

"बाबा," ईश्वरी म्हणाली, "तुम्ही दरवाजा उघडला होता?"

त्याने श्वास आत घेतला आणि धरून ठेवला. डोळे एकदा खाली गेले आणि मग मुद्दाम वर आणून तिच्या डोळ्यांवर ठेवले. उजवा हात गुडघ्यावर होता, तो मुठीत वळला. हे सगळं मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून दिलं होतं. कुठल्याही पहिल्या वर्षाच्या शिपायाने ओळखलं असतं.

"नाय गं, पोरी," तो म्हणाला. "मी झोपलो व्हतो. आईला मी कशाला काय करीन? भांडन काय, घरोघरी व्हत्यात. ते मी दुपारपर्यंत इसरून पन गेलो व्हतो. तुला वसतिगृहात घालायची म्हनून कपाटातले कागद बी काढून ठिवले व्हते." पुढे तो बोलत गेला, गरजेपेक्षा जास्त, एकेक गोष्ट तिथल्या तिथे घडवत. आवाज मात्र कुठे अडला नाही. ईश्वरी त्याच्या तोंडाकडे बघत होती. मध्येच ती उठून त्याच्या खांद्यावर पडली. ती चार वर्षांचं रडत होती. मावशीही रडत होती. नवनाथ तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणत होता, "तुझं काय नाय त्यात. तुझं कायच नाय."

थोड्या वेळाने मावशी तिला तोंड धुवायला घेऊन गेली. खोलीत आम्ही दोघंच राहिलो. नवनाथ बाकावरच होता. कपाळावरचा घाम त्याने बाहीने पुसला.

"ताई," त्याने हळूच विचारलं, "तिला खरं वाटलं ना?"

"हो," मी म्हणाले.

"मग झालं," नवनाथ म्हणाला. "सकाळची माफी मी मागत जाईन. तिला कळू नाय द्यायचं."